अमेरिकेच्या वाळवंटातील पर्यटन : कमाई कोणाची, नाव कोणाचे?

अमेरिका म्हटली की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती येतात. परंतु त्या देशाच्या नैऋत्य भागात, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, यूटा या राज्यांत, शेकडो मैल ओसाड वाळवंट पसरलेले आहे. तांबडे खडक, खोल दऱ्या, माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे निवडुंग आणि रात्री ताऱ्यांनी भरलेले आकाश, एवढीच तेथील दौलत. तरीही ते पाहण्यासाठी लोक लांबून येतात, तंबू ठोकतात किंवा घरासारख्या गाड्या उभ्या करून आठवडे-महिने उघड्यावर राहतात. एकट्या ग्रँड कॅनियनला अलीकडे वर्षाला चाळीस लाखांहून अधिक लोक भेट देतात.

एवढी गर्दी पाहिली की व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, हा पैसा जातो कोठे? पेट्रोल, हॉटेल, तंबू, पाण्याच्या बाटल्या यांत बराचसा जातो, हे उघड आहे. पण ज्या आदिवासींच्या नावाने हा मुलूख ओळखला जातो, ज्यांच्या गालिच्यांचे आणि चांदीच्या दागिन्यांचे फोटो प्रत्येक माहितीपत्रकावर असतात, त्या कारागिरांच्या हाती किती पडतो? हा प्रश्न परक्या देशाचा वाटेल, पण आपल्या मागांशी त्याचा थेट संबंध आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

आधी एका कबरीविषयी सांगतो. अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइट नावाचे एक लहान गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तेथील वस्ती अडीच हजारांच्याही आत होती. त्या गावच्या कब्रस्तानात दगडांचा एक छोटा पिरॅमिड असून त्याच्या टोकावर धातूचा उंट बसविलेला आहे. ही हाजी अलीची कबर. अमेरिकन लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे ‘हाय जॉली’ करून टाकले. १८५५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने लष्करासाठी उंट आणण्याकरिता तीस हजार डॉलर मंजूर केले आणि १८५६-५७ मध्ये जहाजांच्या दोन खेपांत सत्तरच्या वर उंट टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना सांभाळण्यासाठी उस्मानी मुलखातून जे लोक नेले, त्यांत हा सीरियाकडचा हाजी अली होता. १८५७ मध्ये एडवर्ड बील याने या उंटांच्या मदतीने वाळवंटातून एका रस्त्याची पाहणी केली. पुढे त्याच दिशेने रेल्वे गेली आणि मोटारींचा प्रसिद्ध ‘रूट ६६’ही गेला. म्हणजे आज ज्या वाटेने पर्यटक जातात, ती आखताना एका हाजीचे उंट पुढे होते. यादवी युद्ध सुरू झाले आणि लष्कराला उंटांत रस राहिला नाही. हाजी अलीने मालवाहतूक केली, खाणी शोधल्या, १८८० मध्ये फिलिप टेड्रो या आपल्या जुन्या नावाने नागरिकत्व घेतले आणि १९०२ मध्ये तो गरिबीत वारला. स्मारक झाले ते १९३५ मध्ये. काम केले कोणी आणि नाव कसे बिघडून गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हे क्वार्टझसाइट हिवाळ्यात ओळखू येत नाही. उत्तरेकडे बर्फ पडू लागला की निवृत्त लोक आपल्या गाड्या घेऊन येथे उतरतात. सभोवतालची जमीन केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याची आहे. या खात्याच्या मोकळ्या जमिनीवर सर्वसाधारणपणे अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो. क्वार्टझसाइटजवळ खात्याने लांब मुक्कामाची खास मैदाने राखली आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांसाठी तेथे वर्षानुवर्षे १८० डॉलर घेतले जात. खोलीचे भाडे देण्याऐवजी माणूस वाळवंटच भाड्याने घेतो म्हणा ना! आणि जेथे माणूस थांबला तेथे बाजार भरणारच. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे दगड, खनिजे, जुनी हत्यारे, कपडे, तंबूचे सामान यांचे मोठे बाजार लागतात. अ‍ॅरिझोनातीलच टूसॉन शहरात याच सुमारास खनिजे आणि रत्ने यांचा जगप्रसिद्ध मेळा भरतो.

या मेळ्यात महाराष्ट्राचे नाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दख्खनच्या काळ्या खडकात, खाणी आणि विहिरी खोदताना, पांढरे-हिरवे-गुलाबी स्फटिक निघतात. अपोफिलाइट, स्टिल्बाइट अशी त्यांची नावे. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट तर संग्राहक हातावर घेऊन बसतात. आपल्याकडे हा माल खडीच्या यंत्रात जात असे. तेथे तो काचेच्या पेटीत ठेवतात आणि खाली चिठ्ठी लावतात : जळगाव, महाराष्ट्र, भारत. चिठ्ठी हरवली की दगडाची किंमत घसरते, कारण संग्राहक दगडासोबत त्याचा ठावठिकाणाही विकत घेतो. मुका दगड जर आपल्या गावाच्या नावावर भाव खातो, तर ज्याला हात आणि डोळे आहेत त्या कारागिराचा माल बिननावाचा का जावा?

आता प्रवासाविषयी थोडे. ज्यांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत, असे बरेच आई-वडील हल्ली तिकडे जातात आणि मुले त्यांना सुट्टीत हा मुलूख दाखवायला नेतात. त्यांनी दोन-चार गोष्टी जाणून असाव्यात. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी जवळ हवे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दिवसा अंग भाजते आणि रात्री शाल लागते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधीही टाकू नये, मग आकाश कितीही निरभ्र असो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅन्टेलोप कॅनियन या अरुंद घळीत अकरा पर्यटक वाहून जाऊन मरण पावले. घळीवर पाऊस नव्हताच. तो दूर वरच्या बाजूला पडला होता आणि पाणी भिंतीसारखे आले. नमाजींसाठी सांगायचे तर तेथून किबला ईशान्येकडे येतो, आपल्यासारखा पश्चिमेकडे नव्हे. आणि घड्याळाची गंमत अशी की, उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना राज्य घड्याळ पुढे करीत नाही, त्यातील नावाहो लोकांचा प्रदेश करतो, आणि नावाहोंच्या मधोमध असलेला होपी लोकांचा प्रदेश पुन्हा करीत नाही. एका दुपारच्या प्रवासात घड्याळ तीन वेळा चुकते. तेव्हा जोहर-असरसाठी सूर्याकडे पाहिलेले बरे.

असो. मूळ मुद्दा पैशाचा.

१९०१ मध्ये रेल्वे ग्रँड कॅनियनच्या काठावर पोहोचली आणि १९०५ मध्ये फ्रेड हार्वी कंपनीने तेथे ‘होपी हाउस’ उघडले. मेरी कोल्टर या बाईने त्याचा आराखडा होपी लोकांच्या दगडी घरांसारखा केला. त्यात होपी कारागीर कुटुंबासह राहत, पर्यटकांच्या डोळ्यांदेखत मडकी घडवीत, विणकाम करीत, संध्याकाळी नाच दाखवीत. दुकान चांगले चालले. पण दुकान कंपनीचे होते. कारागीर तेथे मालही होता आणि तमाशाही होता. गिऱ्हाइकाशी भाव बोलण्याचा अधिकार मात्र त्याचा नव्हता.

त्याच दरीत हवासुपाई नावाची लहान जमात राहते. १८८२ मध्ये सरकारने त्यांची हद्द दरीतल्या ५१८ एकरांपुरती आखून दिली आणि वरचे सारे पठार, जेथे ते हिवाळ्यात शिकारीला जात, त्यांच्या हातून गेले. पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. लोक त्यांच्याच जमिनीचे सौंदर्य पाहायला येऊ लागले आणि ते त्यांच्याच जमिनीत उपरे ठरले. जवळजवळ शतकभर ते मागणी करीत राहिले. १९७५ मध्ये कायदा होऊन त्यांना सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार एकर परत मिळाले. आज त्यांच्या निळ्या पाण्याच्या धबधब्याखाली तंबू टाकायचा असेल तर जमातीकडून आगाऊ परवाना घ्यावा लागतो आणि दहा मैल चालत जावे लागते. एका दिवसात पाहून परत, हा प्रकार नाही. त्यांच्या सुपाई गावी मोटारीचा रस्ता नाही, टपालसुद्धा खेचरांवरून जाते. त्यांनी रस्ता बांधला नाही, म्हणून गर्दी त्यांच्या हातात राहिली. आपल्याकडे याला मागासलेपण म्हणतील. मला तो धंद्याचा पक्का हिशोब वाटतो.

नावाहो लोकांचा प्रदेश मोठा आहे. सुमारे सत्तावीस हजार चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या पावहिश्शाहून थोडा कमी. १८६४ मध्ये लष्कराने या लोकांना घरादारातून उठवून शेकडो मैल पायी चालवत नेले आणि छावणीत डांबले. १८६८ च्या करारानंतर ते परत आले. त्यांनीच १९५८ मध्ये मॉन्युमेंट व्हॅलीचे जमातीचे उद्यान केले. हा तोच मुलूख, जेथे जॉन फोर्डने १९३९ चा ‘स्टेजकोच’ चित्रपट घेतला आणि ते तांबडे सुळके जगभर ओळखीचे झाले. तेथील प्रवेश फी जमातीच्या तिजोरीत जाते. अ‍ॅन्टेलोप कॅनियनमध्ये नावाहोंच्या परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. कॅनियन द शे येथे उद्यान खाते सरकारचे, पण जमीन नावाहोंची आहे आणि दरीच्या तळाशी त्यांची शेते व मेंढरे आहेत. फाटक ज्याच्या हातात, त्याच्या घरात चूल पेटते, हे या उदाहरणांवरून दिसते. पण हे सरळसोट नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२० च्या महामारीत जमातीने आपली उद्याने वर्षाहून अधिक काळ बंद ठेवली. रस्त्याच्या कडेला फळकूट मांडून दागिने विकणाऱ्या बाया-माणसांची रोजी त्यात बुडाली. फाटक हातात असणे म्हणजे ते बंद करण्याचा बोजाही आपल्याच डोक्यावर घेणे.

आता कापडाकडे वळतो, कारण तो माझा धंदा आहे आणि त्यात माझे मन रमते.

नावाहो विणकाम बहुतांशी स्त्रिया करतात. माग उभा असतो, दोन खांब आणि दोन आडव्या लाकडांचा. आपल्यासारखा उडता धोटा तेथे नाही. बाणा हाताने थोडाथोडा घालून लाकडी फणीने ठोकून बसवतात. सूत लांब टकळीवर, टकळी मांडीवर फिरवून काततात. मेंढी पाळणे, लोकर कातरणे, पिंजणे, कातणे, रंगविणे आणि मग विणणे, असे सारे धरले तर मध्यम गालिच्यालाही महिने लागतात. ताणा एकच अखंड धागा असतो, वर-खाली फिरवत नेलेला. तो कोठेही कापत नाहीत. त्यामुळे गालिच्याच्या चारही बाजूंना पक्की किनार येते, झालर सुटत नाही. अस्सल आणि नक्कल ओळखण्याची पहिली खूण हीच. टोकाला ताण्याचे कापलेले धागे आत खोचलेले किंवा झालर करून सोडलेले दिसले, किंवा ताणा सुती निघाला, की माल दुसरीकडचा असण्याचा संशय घ्यावा. दुसरी खूण म्हणजे पोतात दिसणाऱ्या तिरप्या पुसट रेघा. विणणारी बाई रुंद मागावर एका जागी बसून जेवढे हाताला येते तेवढे विणते, मग सरकते. त्या सांध्यांच्या त्या रेघा. यंत्राला सरकावे लागत नाही, म्हणून यंत्राच्या मालात त्या नसतात.

या विणकामाचा इतिहासही मिश्रच आहे. पूर्वी लाल रंगासाठी त्या बाया स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून आलेले तांबडे लोकरी कापड घेऊन ते उसवीत आणि निघालेला धागा पुन्हा विणीत. छावणीतून परतल्यावर त्यांना पेन्सिल्व्हेनियाच्या गिरणीचे रंगीत सूत मिळू लागले. १८८० च्या दशकात रेल्वे आली आणि पूर्वेकडच्या शहरांतल्या गिऱ्हाइकांना अंगावर घेण्याच्या घोंगड्या नकोत, जमिनीवर घालायचे गालिचे हवेत, असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. मग घोंगडीचा गालिचा झाला. नावाहो स्वतः मात्र ओरेगनच्या पेंडल्टन गिरणीच्या घोंगड्या पांघरू लागले. विणणाऱ्याने हाताचे विकायचे आणि गिरणीचे नेसायचे, हे दृश्य आपल्या हातमागवाल्यांना नवे नाही.

त्या मुलखातील व्यापारी ‘ट्रेडिंग पोस्ट’ चालवीत. पीठ, साखर, कॉफी द्यायची आणि लोकर, गालिचे, दागिने घ्यायचे. गनाडोचा लोरेन्झो हबेल लाल गालिच्यांसाठी नावाजला. त्याचे दुकान १९६७ मध्ये सरकारच्या उद्यान खात्याने घेतले आणि आजही तेथे व्यापार होतो. क्रिस्टल या ठिकाणचा जे. बी. मूर हा फार हुशार निघाला. त्याने १९०३ आणि १९११ मध्ये गालिच्यांची छापील यादी काढून टपालाने माल विकला. अमेरिकेच्या श्रीमंत घरांत तेव्हा तुर्की आणि कॉकेशसच्या गालिच्यांची चलती होती, म्हणून मूरने किनारी, आकडे, मधले पदक अशी तिकडची वळणे नावाहो विणकरांपुढे ठेवली. त्यातून पुढे टू ग्रे हिल्सचे काळे-करडे-तपकिरी गालिचे घडले, ज्यांत लोकरीचा मूळ रंगच बहुतांशी वापरतात. म्हणजे मुसलमान विणकरांच्या मुलखातला नक्षा अमेरिकेच्या वाळवंटात जाऊन बसला! नक्षा कोणाची जहागीर नाही, तो फिरतच असतो. पण मूरने तो माल तुर्की म्हणून विकला नाही, नावाहोंचा म्हणूनच विकला. फरक येथे आहे.

मात्र या ट्रेडिंग पोस्टांना फार चांगले म्हणण्याचे कारण नाही. रोख पैसा गावात नसे. लोकर निघेपर्यंत उधारी, आणि उधारीपोटी आजीच्या चांदीच्या माळा गहाण. दुकानदार तोच सावकार, तोच खरेदीदार, कित्येक ठिकाणी तोच टपालवालाही. १९७२ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने नावाहो प्रदेशात सुनावण्या घेतल्या आणि १९७३ च्या अहवालात या पद्धतीची लक्तरे बाहेर काढली. त्यानंतर नियम कडक झाले. सूद माणसाला कसा पोखरतो हे कुरआनने आपल्याला सांगितलेच आहे. त्याचा नमुना पाहायचा असेल तर तो तेथेही आहे. याउलट न्यू मेक्सिकोतील क्राउनपॉइंट येथे १९६८ मध्ये विणकरांनी गालिच्यांचा लिलाव सुरू केला. शाळेच्या दालनात टेबलांवर गालिचे मांडायचे, पर्यटकाने हात लावून पाहायचे, मग बोली. पैसा थोडे कमिशन वजा जाता विणणारीला मिळतो आणि गालिच्यावर तिच्या नावाची चिठ्ठी असते. तंबूत राहणारा, काटकसरीने प्रवास करणारा माणूससुद्धा तेथे चेक फाडतो, कारण समोर ती बाई उभी असते.

जेथे खरे नाणे चालते, तेथे खोटे येणारच. मेक्सिकोतून, फिलिपाइन्समधून आणि, सांगायला लाज वाटते, आपल्या भारतातूनही नावाहो नक्षीचा माल त्या बाजारात जातो. नक्षी आहे, लोकर आहे, मजुरी स्वस्त आहे. दुकानदार तो अस्सल मालाच्या शेजारी टांगतो. येथे एका शब्दाचा घोळ आहे, आणि तो आपल्या निर्यातदारांनी नीट समजून घेतला पाहिजे. कोलंबसाला वाटले की आपण हिंदुस्थानात पोहोचलो, म्हणून तेथल्या मूळ रहिवाशांना ‘इंडियन’ नाव पडले. पाचशे वर्षांनंतरही ते गेलेले नाही. तेव्हा पानिपत किंवा मिर्झापूरची दरी ‘हँडमेड इंडियन रग’ म्हणून टांगली तर अक्षरशः खोटे काहीच नाही. आणि तरीही ते सपशेल खोटे आहे, कारण विकणाऱ्यालाही माहीत असते की घेणारा काय समजणार.

अमेरिकेच्या कायद्याने ही पळवाट बुजवली आहे. १९९० च्या ‘इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ कायद्यानुसार, मान्यताप्राप्त जमातीच्या माणसाने न केलेली कलावस्तू तशी भासवून विकणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीस अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीला दंड दहा लाख डॉलरपर्यंत. कलावस्तूवर नुसता ‘इंडियन’ शब्द घातला तरी तो अमेरिकेतील जमातीच्या माणसाचा माल, असाच त्याचा अर्थ तेथील नियम लावतात. शिवाय जकात खात्याचा नियम आहे की, या धर्तीच्या आयात मालावर देशाचे नाव सहज निघणार नाही अशा रीतीने असावे. २०१८ मध्ये अल्बुकर्की शहरातल्या एका दागिने विक्रेत्याला फिलिपाइन्सचा माल आदिवासींचा म्हणून विकल्याबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. कापडाच्या बाबतीत नावाहो जमातीने २०१२ मध्ये ‘अर्बन आउटफिटर्स’ या मोठ्या कंपनीवर ‘नावाहो’ हे नाव वापरल्याबद्दल दावा लावला आणि २०१६ मध्ये त्यात तडजोड झाली. हे नाव जमातीने १९४३ पासून व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून ठेवले आहे. आपले लोक अजून विचारतात की नोंदणी करून काय मिळते!

एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नमूद करतो. न्यू मेक्सिकोच्या गॅलप गावात या दागिन्यांच्या व्यापारात अरब, विशेषतः पॅलेस्टिनी घराण्यांची दुकाने आहेत. नावाहो आणि झुनी सोनारांकडून माल घेऊन ते देशभर पाठवतात. स्वतःचा मुलूख गमावलेला माणूस मुलूख गमावलेल्या दुसऱ्या माणसाचा माल विकतो. या नात्यात अमानत किती सांभाळली जाते, त्यावर त्या वाळवंटात मुसलमानाचे नाव ठरते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओला भाग वर का ठेवला नाही असे त्या विक्रेत्याला विचारले, ही हकीकत आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. देशाच्या नावाची चिठ्ठी घडीच्या आत लपविणे म्हणजे ओले धान्य खाली सारणेच होय.

हे सारे लिहिण्याचे निमित्त असे. काही काळापूर्वी एक दलाल माझ्याकडे जकार्ड चादरीचा नमुना घेऊन आला. तंबूत, उघड्यावर पांघरायच्या चादरी, माल अमेरिकेला जाणार. नक्षी पाहताच ओळखू आली : पायऱ्यापायऱ्यांचे चौकट, आकडे, मध्ये शंकरपाळे. वजन, रंग, मोजमाप सारे ठरलेले. फक्त चिठ्ठीविषयी त्याची खास सूचना होती की, देशाचे नाव शिवू नये, कागदावर छापून हलक्या गोंदाने चिकटवावे. असे का, हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. दोघांनाही कळले होते.

यावर माझे काही व्यापारी मित्र म्हणतात, आपण काय खोटे बोलतो? आपण चादर विणतो, तिकडे कोण काय सांगतो त्याचा जाब आपल्याला का? आणि मागावरचा माणूस आठ दिवस रिकामा बसला तर त्याच्या घरी तुझे तत्त्व शिजणार आहे काय? हा दुसरा प्रश्न वजनदार आहे, मी तो टाळणार नाही. सोलापुरात यंत्रमाग बंद पडताना मी पाहिले आहेत. पण पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर सोलापुरी चादरीचेच आहे. आपल्या चादरीला भौगोलिक निर्देशन मिळाले आहे. तरीही दुसरीकडे विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून फुटपाथवर विकली जाते तेव्हा आपण संघाच्या बैठकीत मुठी आपटतो, अर्ज करतो, पोलिसांकडे जातो. ती चादर विणणाराही गरीबच आहे. त्याच्याही घरी लेकरे आहेत. त्याला जर आपण चोर म्हणतो, तर क्राउनपॉइंटच्या त्या विणकर बाईने आपल्याला काय म्हणावे?

मी असे म्हणत नाही की पायरीची नक्षी विणूच नये. पायरी, आकडा, शंकरपाळे हे आपल्या दऱ्यांवर, जाजमांवर आणि तुर्कस्तानच्या किलिमांवर शतकांपासून आहेत. परदेशात उघड्यावर राहणाऱ्या लोकांना जाड, टिकाऊ, धुता येणारी सुती चादर लागते, हा आपल्याला चांगला बाजार आहे. त्यात जावे. पण नक्षी आपल्या जाजमाची घ्यावी आणि कोपऱ्यात ‘सोलापूर, भारत’ असे विणूनच टाकावे. जकार्डवर अक्षरे विणायला जास्त खर्च येत नाही, हे कोणताही कारागीर सांगेल. चिठ्ठी फाडता येते, पोतात विणलेले नाव फाडता येत नाही. आपल्या संघांनी निर्यातीच्या ऑर्डरीसाठी एवढा एक नियम एकमताने केला तर दलाल एकाला सोडून दुसऱ्याकडे जाणार नाही. आज तो जातो, कारण दुसरा तयार असतो.

त्या दलालाला मी म्हटले, शिवलेली चिठ्ठी चालत असेल तर उद्या सूत उचलतो. विचारून सांगतो, म्हणाला. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मागावरच्या रफिकभाईंनी दोनदा विचारले, शेठ, त्या अमेरिकेच्या चादरीचे काय झाले? दुसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि ती रास्त होती. ऑर्डर दुसरीकडे गेल्याचे नंतर कळले. आमच्या जाजमाच्या नक्षीतल्या, कोपऱ्यात नाव विणलेल्या बारा चादरी मी नमुना म्हणून त्यांच्याकडूनच करून घेतल्या आहेत. त्यांपैकी चार टूसॉनच्या मेळ्याला जाणाऱ्या एका खनिज व्यापाऱ्याबरोबर पाठवतो आहे. जळगावच्या दगडांच्या टेबलावर अंथरायला त्याला कापड हवेच होते.